मोठ्या माणसांतली ग्रोथ हार्मोनची कमतरता: इंजेक्शनच्या आधी काय, इंजेक्शन कसं, आणि फरक कशानं मोजायचा

बाळंतपणात रक्त फार गेलं, नंतर बाळाला दूध आलंच नाही, पाळी परत सुरू झाली नाही. काखेतले केस गळाले, थंडी सोसेना, आणि पाचसात वर्षांत पोट सुटलं पण हातपाय बारीक झाले. अशी बाई विदर्भातल्या कोणत्याही तालुक्यात भेटते. तिला वर्षानुवर्षं रक्त कमी, थायरॉइड, अशक्तपणा असं सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती ग्रोथ हार्मोन सोडते, जे मोठ्या माणसांत स्नायू, चरबी आणि हाडं सांभाळतं, शिवाय थायरॉइड, अॅड्रिनल आणि लैंगिक ग्रंथींना कामाचा हुकूम देते. गरोदरपणात ती फुगलेली असते आणि रक्तस्रावानं रक्तदाब पडला की तिचा भाग मरतो. १९३७ साली शीहान या डॉक्टरनं याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून या आजाराला शीहान सिंड्रोम म्हणतात.

आपल्याकडचं दुसरं मोठं कारण म्हणजे घोणस. वावरात सोंगणीला किंवा धुऱ्यावर गवत कापताना ही चावते. विषानं रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, किडनी बंद पडते, आणि काही जणांत पिट्युटरीतही रक्तस्राव होतो. माणूस डायलिसिसवरून वाचून घरी येतो आणि सगळ्यांना वाटतं, सुटला. मग काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, उत्साह जातो, दाढी विरळ होते, लैंगिक इच्छा राहत नाही. साप चावल्याची आठवण कुणी विचारत नाही आणि रुग्णही सांगत नाही. पिट्युटरीची गाठ, तिचं ऑपरेशन, डोक्याला दिलेलं रेडिएशन, डोक्याचा जबर मार, ही बाकीची कारणं.

ग्रंथी अशी मार खाते तेव्हा बहुधा ग्रोथ हार्मोन सर्वांत आधी कमी होतं, पण उपचारात त्याचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. हा क्रम उलटा झाला की जिवावर बेतू शकतं, म्हणून खाली सगळं क्रमानंच दिलं आहे.

१. संशय आला तर पहिल्या तपासण्या

सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्त द्यायचं. त्यात कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड), फ्री टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) आणि टीएसएच (पिट्युटरीचा थायरॉइडला जाणारा हुकूम) दोन्ही, सोडियम, साखर, एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड (रक्तातली चरबी), बायकांत एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन (पाळी आणि दुधाशी संबंधित पिट्युटरीची हार्मोन्स), पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, आणि आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या इशाऱ्यानं मुख्यतः यकृतात बनणारं प्रथिन). नुसता टीएसएच करून 'थायरॉइड नॉर्मल' म्हणू नका. बिघाड पिट्युटरीत असेल तर टीएसएच नॉर्मल किंवा किंचित वाढलेलाही दिसतो आणि फ्री टी-४ मात्र खाली असतो. लॅबच्या कागदावर टीएसएचसमोर खूण नाही म्हणून कित्येक रुग्ण परत पाठवले जातात.

कॉर्टिसोल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरपेक्षा कमी आलं तर कमतरता जवळपास नक्की. १५ च्या वर असेल तर शक्यता फार कमी. मधल्या आकड्यांना वेगळी चाचणी लागते. एक मोठी अडचण इथे येते. गुडघेदुखी, दमा, अंगदुखी यासाठी गावात दिल्या जाणाऱ्या पुड्या आणि 'ताकदीची' इंजेक्शनं यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्यानंही सकाळचं कॉर्टिसोल पडतं. त्यामुळे मागच्या सहा महिन्यांत काय काय घेतलं ते डॉक्टरांना न लाजता सांगा, रिकामी पाकिटं सोबत न्या.

लॅबमध्ये 'ग्रोथ हार्मोन' अशी एकच सुटी तपासणी करून पैसे घालवू नका. हे हार्मोन दिवसभर झटक्याझटक्यानं, मुख्यतः झोपेत सुटतं. दुपारी १२ वाजता धडधाकट माणसाचाही आकडा शून्याजवळ येऊ शकतो. आयजीएफ-१ दिवसभर बराच स्थिर असतो, त्याला उपाशीपोटाची गरज नाही. पण तो वयानुसार वाचावा लागतो, म्हणून लॅबच्या फॉर्मवर वय बरोबर लिहा. उपासमार, यकृताचा आजार, हाताबाहेर गेलेला मधुमेह आणि इस्ट्रोजेनच्या तोंडी गोळ्या यांनीही आयजीएफ-१ कमी येतो.

२. निदान पक्कं करणं

पिट्युटरीची आणखी तीन किंवा जास्त हार्मोन्स कमी असतील आणि आयजीएफ-१ वयाच्या मानानं कमी असेल, तर ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेसाठी वेगळी उत्तेजन चाचणी सहसा लागत नाही. शीहान आणि सर्पदंशाच्या बऱ्याच रुग्णांचं निदान इथेच होतं.

इतरांत दोन चाचण्या होतात. इन्सुलिन देऊन साखर ४० मिलिग्रॅमच्या खाली आणतात आणि ग्रोथ हार्मोन किती वर उसळतं ते बघतात. ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेलं नाही तर कमतरता. फिट्स येणाऱ्यांत, हृदयविकारात आणि वयस्कांत ही चाचणी टाळतात, आणि ती मोठ्या रुग्णालयातच, डॉक्टर शेजारी उभे असताना करायची. दुसरी ग्लुकागॉनची. साधारण १ मिलिग्रॅम स्नायूत देऊन पुढचे ३ ते ४ तास दर अर्ध्या तासानं रक्त घेतात. मळमळ होते, पण साखर मुद्दाम पाडावी लागत नाही. तिथे ३ नॅनोग्रॅमची रेषा आहे. लठ्ठ माणसात मात्र ती १ वर आणतात, कारण चरबी स्वतःच ग्रोथ हार्मोनचा प्रतिसाद दाबते. ही दुरुस्ती केली नाही तर नुसत्या जाड माणसावर कमतरतेचा शिक्का बसतो. लहान मुलांसाठी वापरली जाणारी क्लोनिडीनची चाचणी मोठ्यांत उपयोगाची नाही.

लहानपणी हार्मोन घेतलेल्यांनी उंची पूर्ण झाल्यावर किमान महिनाभर इंजेक्शन बंद ठेवून पुन्हा तपासणी करून घ्यावी. काही जणांत कमतरता राहिलेलीच नसते. सोबत पिट्युटरीचा एमआरआय हवाच. शीहानमध्ये बहुधा पिट्युटरी बसते ती हाडातली खाच रिकामी दिसते, पण गाठ असेल तर तिचा विचार आधी.

३. क्रम: स्टेरॉइड, थायरॉइड, लैंगिक हार्मोन, मग ग्रोथ हार्मोन

कॉर्टिसोल कमी असेल तर हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम, मोठा भाग सकाळी उठल्या उठल्या आणि छोटा दुपारी. ते मिळत नसेल तर डॉक्टर प्रेडनिसोलोनची छोटी मात्रा देतात. हे बसल्यावरच थायरॉक्सिन. उलटं केलं, म्हणजे आधी थायरॉक्सिन सुरू केलं, तर शरीर कॉर्टिसोल जास्त वेगानं खर्च करतं आणि रुग्ण कोसळतो: उलट्या, रक्तदाब खाली, सोडियम खाली. विदर्भात मे महिन्यात असा रुग्ण 'ऊन लागलं' म्हणून सलाइनवर ठेवला जातो. सलाइननं थोडं बरं वाटतं, पण हायड्रोकॉर्टिसोन कुणी देत नाही आणि आठवड्यानं तोच प्रकार पुन्हा होतो. पारा ४५ च्या वर असलेल्या दिवसांत खरंच ऊन लागतं, यात शंका नाही. पण जुनं बाळंतपण किंवा सर्पदंश सांगणारा रुग्ण दुसऱ्यांदा असा आला तर कॉर्टिसोल बघितलंच पाहिजे.

ग्रोथ हार्मोन हा समतोल पुन्हा हलवतं. यकृतात आणि चरबीत निष्क्रिय कॉर्टिसोनचं कामाच्या कॉर्टिसोलमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम ते मंदावतं. म्हणजे आतापर्यंत जेमतेम पुरणारी स्टेरॉइडची मात्रा अपुरी पडते, आणि लपलेली कमतरता उघडी पडते. तसंच टी-४ चं टी-३ मध्ये रूपांतर वाढतं, त्यामुळे फ्री टी-४ खाली येतो आणि थायरॉक्सिन वाढवावं लागू शकतं. इंजेक्शन सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत उलट थकवाच वाढला, तर ग्रोथ हार्मोनला दोष देण्याआधी या दोन गोष्टी तपासा.

बायकांनी इस्ट्रोजेन गोळीतून घेतलं तर यकृतातून आयजीएफ-१ कमी निघतो आणि ग्रोथ हार्मोन जास्त लागतं. जेल किंवा पॅचमधून घेतलं तर कमी लागतं. महिन्याचा खर्च बघता ही निवड क्षुल्लक नाही. गोळीवरून जेलवर आलात तर डॉक्टरांना सांगून ग्रोथ हार्मोनही कमी करून घ्या.

पैसा मर्यादित असेल तर आमचं स्पष्ट मत असं: स्टेरॉइड आणि थायरॉक्सिनच्या गोळ्या स्वस्त आहेत आणि जीव त्यांवर आहे. त्या एक दिवसही चुकू नयेत. ग्रोथ हार्मोन परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका, आणि कर्ज काढून सुरू करून चार महिन्यांनी सोडू नका. एवढ्या काळात धड फायदाही कळत नाही.

४. कुणाला देऊ नये

चालू कर्करोग, मधुमेहानं डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या येणं, अतिदक्षता विभागातला गंभीर आजार, आणि गरोदरपण. मधुमेह असेल तर देता येतं, पण मात्रा छोटी आणि साखरेवर लक्ष, कारण हे हार्मोन इन्सुलिनच्या विरोधात काम करतं. किडनी अधू राहिलेल्या सर्पदंशाच्या रुग्णाला सूज लवकर येते, हे आधीच सांगून ठेवा.

कमतरता नसलेल्यानं पोट कमी करायला किंवा जिममध्ये शरीर कमवायला हे घेऊ नये. हाडांची टोकं जुळल्यावर उंचीही वाढत नाही. बिलाशिवाय, बॅच नंबरशिवाय विकली जाणारी बाटली कुणाकडूनही घेऊ नका.

५. मात्रा

सुरुवात वयावर: ३० च्या आत ०.४ ते ०.५ मिलिग्रॅम रोज, ३० ते ६० मध्ये ०.२ ते ०.३, साठीच्या पुढे आणि मधुमेहात ०.१ ते ०.२. दर एक ते दोन महिन्यांनी ०.१ ते ०.२ नं वाढवत जायचं, आयजीएफ-१ वयाच्या नॉर्मल पट्ट्याच्या मधल्या ते वरच्या भागात येईपर्यंत. पट्ट्याच्या बाहेर गेला तर मात्रा कमी. वजनावरून मोठी मात्रा काढायची जुनी पद्धत मोठ्यांत मागे पडली, कारण सूज आणि सांधेदुखीनं लोक इंजेक्शन सोडत होते.

१ मिलिग्रॅम म्हणजे ३ आययू (औषध मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक). ०.३ मिलिग्रॅम रोज म्हणजे महिन्याला ९ मिलिग्रॅम, २७ आययू. दुकानात बाटलीची किंमत विचारू नका, एका आययूला किती पडतात ते काढा. तेव्हाच दोन कंपन्यांची तुलना होते.

६. सिरिंजचा घोळ

पेन असेल तर काम सोपं. नवीन सुई, एक थेंब बाहेर येईपर्यंत हवा काढायची, मात्रा फिरवायची, टोचायचं, दहापर्यंत मोजून सुई काढायची. पावडरची बाटली स्वस्त पडते म्हणून पुष्कळ जण ती घेतात, आणि चुका तिथेच होतात.

समजा बाटली ४ आययूची आहे आणि पत्रकात १ मिलि पाणी घालायला सांगितलंय. पाणी बाटलीच्या काचेवरून हळू सोडा, पावडरवर पिचकारी मारू नका. बाटली तळहातांत हळुवार फिरवा, हलवू नका. फेस झाला की प्रथिन बिघडतं. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ हवं, गढूळ दिसलं तर फेकून द्या.

आता १ मिलित ४ आययू आहेत. मात्रा ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ आययू, म्हणजे ०.१५ मिलि. इन्सुलिनच्या सिरिंजवरचे आकडे इन्सुलिनचे असतात, ग्रोथ हार्मोनचे नव्हेत. केशरी टोपणाच्या १०० वाल्या सिरिंजवर ०.१५ मिलि म्हणजे १५ वी रेघ. लाल टोपणाच्या ४० वाल्या सिरिंजवर तेवढंच औषध ६ व्या रेघेवर येतं. मेडिकलवाल्यानं या महिन्यात केशरीऐवजी लाल दिली आणि तुम्ही सवयीनं १५ पर्यंत ओढलं, तर ०.३७५ मिलि, दीड आययू, म्हणजे अडीचपट मात्रा गेली. पंधरा दिवसांत पाय सुजतात, बोटांना मुंग्या येतात आणि औषधाला दोष दिला जातो. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तिन्ही गोष्टी लिहून घ्या: मिलिग्रॅम, मिलि, आणि कोणत्या सिरिंजवर कितवी रेघ. ती चिठ्ठी फ्रिजच्या दारावर चिकटवा.

वेळ रात्री झोपताना, कारण शरीराचं स्वतःचं हार्मोनही झोपेत सुटतं. जागा पोट आणि मांडी, रोज थोडी सरकवायची. एकाच ठिकाणी टोचत राहिलं तर तिथे खड्डा किंवा गाठ होते. एक दिवस चुकला तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

७. फ्रिज, लोडशेडिंग आणि मे महिना

औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि कधीही गोठू द्यायचं नाही. फ्रीजरच्या खालचा कप्पा आणि मागची भिंत टाळा. एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर चांगलं दिसतं, पण निकामी असतं. मिसळलेली बाटली किती दिवस चालते ते पाण्यावर ठरतं. जंतुनाशक असलेलं पाणी असेल तर पत्रकात दिलेले दिवस, साधं निर्जंतुक पाणी असेल तर एकदाच वापरून उरलेलं टाकायचं.

काही पेन सुरू केल्यावर २५ अंशांच्या आत तीनेक आठवडे फ्रिजबाहेर चालतात. ज्या गावात वीज तासन्‌तास जाते तिथे ही सोय मोलाची, म्हणून औषध निवडतानाच हे विचारा. वीज गेली की फ्रिजचं दार उघडू नका. लांबली तर मोठ्या मातीच्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं गोणपाट. मेच्या कोरड्या झळांत हे चांगलं थंड होतं. जुलैत हवेत ओल भरली की पाणी उडत नाही आणि मडकं जवळजवळ काही करत नाही. आत साधा थर्मामीटर ठेवून आकडा बघा, अंदाज करू नका. आणि हा तात्पुरता उपाय आहे, ज्या औषधाला २ ते ८ च हवेत त्याला मडकं पुरत नाही.

नागपूरहून औषध आणताना थर्मासमध्ये बर्फाची थैली टॉवेलात गुंडाळून ठेवा, बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नका. एसटीच्या टपावर किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत कधीच नाही. तालुक्याच्या दुकानातून घेत असाल तर रात्री दुकान बंद झाल्यावर फ्रिजला वीज असते का, हे विचारायला संकोच करू नका.

८. शरीर कशानं मोजायचं

वजनकाट्यावर भरवसा ठेवलात तर निराश व्हाल. १९८९ साली लंडनमधल्या एका अभ्यासात कमतरता असलेल्या २४ प्रौढांना सहा महिने उपचार किंवा नकली औषध दिलं. खरं औषध मिळालेल्यांत चरबीविरहित वजन सरासरी ५.५ किलोनं वाढलं आणि चरबी ५.७ किलोनं घटली. काटा जवळजवळ तिथेच. तेव्हाची मात्रा आजच्यापेक्षा बरीच मोठी होती, त्यामुळे आज एवढ्या आकड्यांची अपेक्षा नको, पण दिशा तीच राहते. कमी होते ती मुख्यतः पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी. आणि 'चरबीविरहित' वाढीत सुरुवातीला पाण्याचाही वाटा असतो.

म्हणून शिंप्याची टेप वापरा. सकाळी, शौचानंतर, काही खायच्या आधी, उभं राहून. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा चाचपून दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनानं खूण करा. साडीची गाठ, करदोडा बाजूला. टेप जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली पण न रुतणारी, आणि श्वास सहज सोडल्यावर वाचायची. दोनदा मोजा, १ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. नाभीवरून मोजू नका, पोट ओघळलेलं असेल तर नाभी जागेवर राहत नाही. महिन्यातून एकदा पुरे. रोज मोजलं तर मन खचतं.

ताकदीसाठी भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर, ३० सेकंदांत कितीदा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. वहीत कंबर, वजन, उठबशा, घोट्यावर बोट दाबून खड्डा पडतो का, असे चार रकाने. दुकानातल्या यंत्रावर उभं राहून चरबीचा टक्का काढणं या काळात फसवं आहे. ते विजेचा अडथळा मोजतं, आणि अंगात पाणी वाढलं की स्नायू वाढल्यासारखं दाखवतं. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता आणि अंगातली चरबी मोजणारा एक्स-रे) सुरुवातीला एक आणि मग दीड-दोन वर्षांनी, तोही एकाच यंत्रावर.

साधारण वेळापत्रक: पहिला महिना सूज आणि सांध्यांची कुरकुर. तिसऱ्या महिन्याच्या आसपास उत्साह. सहाव्यापर्यंत कंबर सैल. हाडांचं उलट आहे. पहिल्या वर्षात घनता किंचित घटते, कारण जुनं हाड झिजवणं आणि नवीन घडवणं दोन्ही वेगात येतं, आणि खरी वाढ दीड-दोन वर्षांनी दिसते. सहा महिन्यांत डेक्सा करून 'हाडं बिघडली' म्हणत औषध बंद करणं ही नेहमीची चूक.

९. ताट आणि काम

स्नायू घडायला प्रथिन लागतं, इंजेक्शन फक्त इशारा देतं. ५५ किलोच्या माणसाला दिवसाला ५५ ते ६५ ग्रॅम धरा. ज्वारीचं २०० ग्रॅम पीठ २० ग्रॅम, ६० ग्रॅम तुरीची डाळ १३, पाव लिटर दूध ८, दोन अंडी १२, मूठभर शेंगदाणे ७. झाले ६०. अंडं चालत नसेल तर २५ ग्रॅम कोरड्या सोयावड्या तेवढंच देतात. पातळ वरणाच्या वाटीत डाळ किती हे मात्र बघा, बहुतेक घरांत ती पुरत नाही.

निंदण आणि कापूस वेचणीनं दमणूक होते, पण मांड्या आणि पाठीला वाढतं वजन मिळत नाही. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून उठबशा, पाण्याचे डबे उचलणं, हळूहळू भर घालत.

१०. काय बिघडतं

घोट्याला सूज, सांधेदुखी, रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या: बहुधा मात्रा जास्त. सिरिंज तपासा, मग डॉक्टरांशी बोलून मात्रा खाली आणा, बहुतेक वेळा उतरतं. वेचणीच्या हंगामात मुंग्या कामानंही येतात, तरी सांगा. सतत डोकेदुखी आणि धूसर दिसणं हे दुर्मिळ, पण त्याच दिवशी इंजेक्शन थांबवून दवाखाना गाठा.

ताप आला तर स्टेरॉइड दुप्पट. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम स्नायूत, आणि लगेच ग्रामीण रुग्णालय. हे इंजेक्शन घरी ठेवा, घरातल्या एकाला टोचायला शिकवा, आणि 'पिट्युटरी निकामी, स्टेरॉइड बंद करू नये' असा मराठीतला कागद आधार कार्डासोबत ठेवा. आशाताईंना त्याची प्रत द्या.

११. तपासणीच्या फेऱ्या

मात्रा बसेपर्यंत एक-दोन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी: आयजीएफ-१, फ्री टी-४, उपाशी साखर, एचबीए१सी, लिपिड वर्षातून एकदा. गाठ उरली असेल तर एमआरआय डॉक्टरांच्या वेळापत्रकानं. फायदा ठरवायला वेळ द्यावा लागतो. ब्रिटनची नाइस ही संस्था नऊ महिन्यांनी जीवनमानाच्या प्रश्नावलीतले गुण सुधारले का ते बघते आणि नसतील तर औषध थांबवायला सांगते. नऊ महिने ते वर्षभर योग्य मात्रेत घेऊनही कंबर, उठबशा आणि उत्साह तिन्ही जागचे हलले नसतील, तर थांबवण्याचं बोलणं तुम्ही स्वतः काढा. ग्रोथ हार्मोन अचानक बंद केल्यानं जिवाला धोका होत नाही, स्टेरॉइडच्या बाबतीत मात्र तसं नाही. फेरीला जाताना वही, रिकामी सिरिंज आणि सध्याची बाटली सोबत असू द्या. डॉक्टरांपुढे एकदा स्वतः औषध भरून दाखवा.